खेळण्याच्या पोटातला पुरावा

जुने इलेक्ट्रॉनिक खेळणे उघडून त्याच्या चिपांचे कोडे सोडवत बसणाऱ्या माणसाबद्दल आपल्याकडे दोन मते असतात. एक प्रेमळ: छंद आहे, बालपण आठवते आहे, रमू द्या. दुसरे संशयी: कुणीतरी खपून बनवलेली वस्तू फोडून हा नक्कल मारणार. वरकरणी ही मते एकमेकांविरुद्ध आहेत, पण त्यांच्या तळाशी गृहीतक एकच. खेळण्याच्या आत नव्याने कळण्यासारखे काही नाही, जे आहे ते बनवणाऱ्याला ठाऊकच आहे, चार माणसांना विचारले आणि चार कागद चाळले की मिळेल. हे गृहीतक मला उथळ वाटते.

माझे म्हणणे असे की हे उलगडणे, म्हणजे रिव्हर्स इंजिनिअरिंग, ही पुराव्यानिशी इतिहास लिहिण्याची एक शाखा आहे. चिपा आणि तारा ही तिची साधने. त्या चिपा तशाच का केल्या गेल्या हा तिचा विषय. खेळणे या कामाला फार सोयीचे पडते, कारण पैशांची ओढाताण जितकी खेळण्यात असते तितकी क्वचितच दुसऱ्या यंत्रात असते. लष्करी उपकरणात चार चिपा जास्त लागल्या तर लागल्या. खेळण्यात एक पिन वाचली तरी ती लाखो नगांनी गुणली जाते. म्हणून खेळण्यातला प्रत्येक विचित्रपणा बहुधा कुठल्या तरी हिशेबाचा अवशेष असतो. तो हिशेब जाहिरातीत नसतो, पेटंटात अर्धामुर्धा असतो, निर्मात्यांच्या मुलाखतीत सोयीस्कर होऊन येतो. सिलिकॉनमध्ये मात्र तो तसाच राहिलेला असतो.

१. एक खेळणे

हे सिद्ध करायला एकच खेळणे नीट पाहू. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीने जून १९७८ मध्ये ‘स्पीक अँड स्पेल’ लोकांपुढे आणले. हँडल असलेली लाल-केशरी प्लास्टिकची पेटी, इंग्रजी मुळाक्षरांची बटणे, वर चमकत्या हिरवट अक्षरांची काचेची पट्टी. पेटी एक शब्द उच्चारते, मुलाने त्याचे स्पेलिंग दाबायचे, चूक की बरोबर ते पेटी बोलून सांगते. १९७६ मध्ये काम सुरू झाले तेव्हा हाताशी २५,००० डॉलर होते आणि माणसे चार: पॉल ब्रीडलव्ह, रिचर्ड विगिन्स, लॅरी ब्रँटिंगहॅम, जीन फ्रांट्झ. त्याआधीची बोलकी खेळणी दोरी ओढून आतली इवलीशी तबकडी फिरवत. या पेटीत फिरणारे काही नव्हते. माणसाच्या स्वरमार्गाचे गणित एकाच चिपवर बसवलेले होते. २००९ मध्ये ‘आयट्रिपलई’ या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने तिची नोंद विद्युत अभियांत्रिकीतला मैलाचा दगड म्हणून केली.

एवढे कोणालाही माहितीकोशात मिळेल. प्रश्न असा की पेटी उघडल्यावर याहून जास्त काय मिळते.

२. दुरुस्ती थांबते तिथून पुढे

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत बसणारा कारागीर सर्किटचा नकाशा हाती नसताना बोर्ड दुरुस्त करतो. मल्टिमीटर बीपवर ठेवून तो ट्रॅक शोधतो, गरम होणारा आयसी बोटाने ओळखतो. हे रिव्हर्स इंजिनिअरिंगच आहे, आणि त्याला आपण ते नाव देत नाही हा आपला कोतेपणा. तरी दोन्हीत एक फरक राहतो. वस्तू चालू झाली की कारागिराचे काम संपते, आणि तेच योग्य आहे, पुढचे गिऱ्हाईक उभे असते. रिव्हर्स इंजिनिअर चालू असलेलीच वस्तू घेऊन बसतो. ‘हे कशाने बिघडले’ हा त्याचा प्रश्न नसतो. ‘हे याहून सोपे का केले नाही’ हा असतो.

या प्रश्नाची उत्तरे तीन थरांत मिळतात. पहिला थर भागांचा: कोणती चिप, कोणाला जोडलेली. दुसरा संकेतांचा: त्या तारांवरून काय जाते-येते. तिसरा निर्णयांचा. बहुतेक लोक पहिल्या थरावर थांबतात, छायाचित्रे काढतात, चिपांना बाण लावतात आणि ‘आत काय आहे पाहिले’ म्हणतात. त्यांनी पाहिले काहीच नाही.

स्पीक अँड स्पेलचा पहिला थर पाच मिनिटांत आटोपतो. चाळीस पिनांचा एक नियंत्रक, त्याचे नाव टीएमसी ०२७१. अठ्ठावीस पिनांची बोलणारी चिप, टीएमसी ०२८१. शब्दांच्या आवाजाची माहिती साठवलेल्या दोन रॉम. काचेची पट्टी, स्पीकर, बॅटरीची जागा, आणि शब्दांची जास्तीची कार्ट्रिज खोचायला एक खाच. यावरून एवढेच कळते की पेटी बोलते. ते माहीत होतेच.

३. पत्त्याच्या तारा नसलेली मेमरी

खरी मौज दुसऱ्या थरावर सुरू होते. त्या दोन रॉमपैकी प्रत्येकीत १,३१,०७२ बिट आहेत. एवढ्या नेहमीच्या मेमरीला पत्त्यासाठी चौदा तारा लागतात आणि माहितीसाठी आठ. बाजारात मिळणाऱ्या रॉम वाचकात ही चिप बसवून पाहिली तर हाती काही लागत नाही, कारण त्या चौदा तारा इथे नाहीतच. पत्त्यासाठी तारा आहेत फक्त चार. पत्ता एकदम दिला जात नाही. चार-चार बिटांचे तुकडे करून पाच हप्त्यांत आत ढकलायचा. मग दोन नियंत्रक तारांपैकी एकीवर इशारा दिला की रॉम एक बिट बाहेर टाकते, आतला पत्ता स्वतःच पुढे सरकवते, पुढच्या इशाऱ्याला पुढचा बिट. बिट बाहेर येतो तोही त्या चारांपैकीच एका तारेवरून.

रॉमचा डंप, म्हणजे तिच्यातल्या सगळ्या बिटांची नक्कल, काढायचा तर आधी नियंत्रकाच्या जागी स्वतःचे सर्किट उभे करून रॉमशी तिच्या भाषेत बोलावे लागते. त्यात आणखी एक ठेच: या चिपा जुन्या पी-चॅनेल तंत्राच्या आहेत, म्हणजे त्यांचा पुरवठा ऋण व्होल्टेजचा. आजच्या सवयीचा धन पुरवठा आणि लॉजिक अॅनालायझर थेट लावणाऱ्याला ‘शून्य’ आणि ‘एक’ उलटेपालटे दिसतात, किंवा काहीच दिसत नाही.

आता तिसरा थर. इतका खटाटोप कशासाठी? पिना कमी, म्हणजे बोर्डवरचे ट्रॅक कमी आणि नियंत्रकाच्या पिनाही कमी. इथपर्यंत कोणीही तर्क करेल. पण पाच हप्त्यांचा हिशेब मांडला की आणखी एक गोष्ट उलगडते. चौदा बिट एका रॉममधल्या जागेसाठी पुरतात. त्यांच्या पुढचे चार बिट ‘कोणती रॉम’ हे सांगतात. म्हणजे त्याच मोजक्या तारांवर सोळा रॉम लटकवता येतात, आणि पत्ता ज्या रॉमचा असेल तीच उत्तर देते. कार्ट्रिजची खाच याच रचनेतून विनासायास निघते: कार्ट्रिज म्हणजे त्याच तारांवर आणखी एक रॉम. फ्रान्समध्ये ‘ला दिक्ते माजिक’, इटलीत ‘ग्रिल्लो पार्लांते’ अशी भावंडे निघू शकली, तीही आवाजाची माहिती अशी वेगळी ठेवली होती म्हणून. पिना वाचवण्याचा आणि भाषा बदलण्याचा, हे दोन निर्णय मुळात एकाच निर्णयाचे दोन परिणाम आहेत, हे कुठल्याही जाहिरातपत्रकात दिसणार नाही.

त्या रॉमला आणखी एक आज्ञा कळते. दोन्ही नियंत्रक तारांवर एकदम इशारा दिला तर ती आपल्याच पोटातला पुढचा मजकूर पत्ता म्हणून वाचते आणि तिथे उडी मारते. मेमरीने स्वतः उडी मारायची, ही आजच्या अभियंत्याला चमत्कारिक वाटणारी गोष्ट. पण नियंत्रक एका वेळी चारच बिट हाताळतो आणि त्याची तात्पुरती मेमरी तुटपुंजी आहे हे लक्षात घेतले की उलगडा होतो. शब्दांच्या यादीतून पत्ता वाचायचा, तो जुळवायचा, पुन्हा तुकडे करून परत पाठवायचा, एवढा भार त्याला जडच गेला असता. म्हणून थोडी अक्कल मेमरीत हलवली.

४. आवाजाचा हिशेब

आता मुख्य प्रश्न: दोन रॉममध्ये इतके शब्द मावले कसे? सेकंदाला ८,००० नमुने, प्रत्येक नमुना आठ बिटांचा, अशा साध्या रीतीने आवाज साठवला तर सेकंदाला ६४,००० बिट लागतात. दोन्ही रॉम मिळून २,६२,१४४ बिट. म्हणजे चार सेकंदांत दुकान बंद.

त्यावर उपाय होता ‘लिनिअर प्रेडिक्टिव्ह कोडिंग’. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात बेल लॅब्जमध्ये बिष्णू अटल आणि मानफ्रेड श्रोएडर यांनी आणि जपानमध्ये फुमितादा इताकुरा यांनी या विचाराची पायाभरणी केली. अटल मूळचे कानपूरचे, लखनौ विद्यापीठ आणि बंगळूरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स इथे शिकलेले. मुद्दा असा की आवाज साठवायचा नाही. आवाज ज्या नळीतून येतो त्या घशा-तोंडाचा आकार साठवायचा. दर पंचवीस मिलिसेकंदांना एक चौकट. तिच्यात आवाजाचा जोर ४ बिट, ‘मागचाच आकार पुन्हा’ सांगणारा १ बिट, स्वराची उंची ५ बिट आणि आकाराचे दहा गुणक मिळून ३९ बिट. एकूण ४९. सेकंदाला अशा चाळीस चौकटी, म्हणजे जास्तीत जास्त १,९६० बिट. चार सेकंदांची जागा आता दोन मिनिटांवर पुरते. ‘स’ किंवा ‘फ’सारख्या अघोष ध्वनीला चारच गुणक पुरतात, शांततेला नुसते ४ बिट, त्यामुळे प्रत्यक्षात बचत याहूनही जास्त.

गुणकांकडे बारकाईने पाहा. पहिल्या दोघांना पाच-पाच बिट, पुढच्या पाचांना चार-चार, शेवटच्या तिघांना तीन-तीन. ही कुठे सढळ, कुठे हात आखडलेली वाटणी कानाला धरून केलेली आहे. पहिल्या गुणकात चूक झाली तर शब्द ओळखू येत नाही, दहाव्यात झाली तर फारसे कोणाला कळत नाही. हे वाटप म्हणजे कानाला काय कळते याबद्दलचा निवाडा आहे, आणि तो आकड्यांत गोठून राहिला आहे.

माझ्या मते या चिपचा सर्वांत देखणा भाग याहून लहान आहे. एका चौकटीतून दुसरीत उडी मारली तर आवाज खडबडीत होतो, म्हणून चिप मधले अंतर आठ पावलांत कापते. ती दर पावलाला उरलेले अंतरच भागते, म्हणून सरळ रेषेत जायचे तर आधी आठने, मग सातने, मग सहाने असा भागाकार हवा. भागाकार करणारे सर्किट मोठे, सिलिकॉन महाग. पण दोनने, चारने किंवा आठने भागायचे असेल तर बिट बाजूला सरकवले की झाले, फुकटात. म्हणून चिप पहिल्या तीन पावलांत उरलेल्या अंतराचा आठवा हिस्सा कापते, पुढच्या दोनांत चौथा, पुढच्या दोनांत निम्मा आणि शेवटी उरलेले सगळे. करून पाहा. अंतर १ धरले तर उरते ०.८७५, ०.७६६, ०.६७०, ०.५०२, ०.३७७, ०.१८८, ०.०९४ आणि शून्य. सरळ रेषेने उरले असते ०.८७५, ०.७५०, ०.६२५, ०.५००, ०.३७५, ०.२५०, ०.१२५ आणि शून्य. निम्म्या वाटेवर दोन्ही जवळजवळ एकत्र येतात, बाकी ठिकाणचा फरक कानाला कळत नाही. भागाकार न करता भागाकाराचे काम झाले.

या पावलांची यादी पाठ करून परीक्षेत लिहिणे वेगळे आणि चिप अशी का चालते हे शोधताना ती स्वतः मांडून पाहणे वेगळे. दुसऱ्या वाटेने जाणाऱ्याला पेटी बनवणाऱ्या त्या चौघांवर कसली सक्ती होती ते कळते. पहिल्या वाटेने जाणाऱ्याला आठ आकडे कळतात.

५. क्रम सोडलेला प्रोग्राम

नियंत्रकाची गोष्ट आणखी पुढची आहे. त्याचे घराणे टीएमएस १००० चे. याच मूळ चिपवर १९७८ चा ‘सायमन’ हा राल्फ बेअर आणि हॉवर्ड मॉरिसन यांचा चार रंगांचा खेळ चालत असे, आणि पुढच्या वर्षीचा ‘बिग ट्रॅक’ रणगाडाही. टीएमएस १००० च्या रॉममधले बिट मोजून क्रमाने लावले तर प्रोग्राम मिळत नाही, कचरा मिळतो. कारण ही चिप ०, १, २, ३ अशी मोजतच नाही. तिच्या एका पानावरच्या ६४ आज्ञा ती ०, १, ३, ७, १५, ३१, ६३, ६२, ६१, ५९, ५५, ४७, ३०, ६०, ५७ अशा उड्यांनी वाचत जाते.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते की ही चोरापासून लपवण्याची युक्ती आहे. खरे कारण साधे आहे. एकाने पुढे मोजायचे तर बेरीज करणारे सर्किट लागते. त्याऐवजी बिट सरकवत जायचे आणि रिकाम्या जागी एका लहानशा फाटकाचे उत्तर भरायचे, तर फार थोड्या ट्रान्झिस्टरांत भागते. पुढचा पत्ता दरवेळी वेगळा आला म्हणजे झाले. यंत्राला क्रमाचे सोयरसुतक नसते. प्रोग्राम लिहिणाऱ्यासाठी तो क्रम असेम्ब्लर सांभाळतो.

त्यावर कडी म्हणजे, या चिपेत आज्ञांचा अर्थ ठरवणारी तक्तीही गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे बदलता येत असे. त्यामुळे रॉमचा डंप हाती आला तरी प्रोग्राम हाती आला असे होत नाही. ती तक्ती वाचायला बऱ्याचदा चिपचे कवच अॅसिडने उतरवून सूक्ष्मदर्शकाखाली बिट मोजावे लागतात. जिथे बिट धातूच्या किंवा ऑक्साइडच्या थरात असतात तिथे ते डोळ्यांना दिसतात. जिथे ते आयन रोपून लिहिलेले असतात तिथे आधी रासायनिक डाग देऊन उठवावे लागतात.

जुन्या पोथ्यांच्या पाठचिकित्सेशी याचे नाते उघड आहे. भांडारकर संस्थेच्या पंडितांनी महाभारताच्या हस्तलिखितांतले पाठभेद लावले, तसेच इथे एकाच खेळण्याच्या अनेक नगांचे डंप एकमेकांशी ताडून पाहतात. ‘मेम’सारख्या इम्युलेटरात, म्हणजे जुनी यंत्रे संगणकावर चालवून दाखवणाऱ्या प्रोग्रामात, संशयास्पद डंपावर तशी स्पष्ट खूण केलेली असते. एका बाबतीत मात्र चिप वाचणाऱ्याचे काम सोपे. एकाच साच्यातून निघालेल्या रॉममध्ये लेखनिकाची मनमानी नसते. फरक दिसला तर तो एकतर झीज, नाहीतर वाचनदोष, नाहीतर निराळी आवृत्ती.

६. आक्षेप: पेटंटे आहेत की!

स्पीक अँड स्पेलची पेटंटे सविस्तर आहेत, हे खरे. वर सांगितलेली आठ पावलेही त्यांत सापडतात. मग चिप फोडायची कशाला? उत्तर असे की पेटंट हक्क सांगण्यासाठी लिहितात, आणि हक्क जितका रुंद तितका बरा. त्यात ‘असेही करता येईल, तसेही करता येईल’ असते. कारखान्यातून काय बाहेर पडले हे त्यावरून ठरत नाही. बोलणाऱ्या चिपांच्या या घराण्यात पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या, आणि त्यांच्या गुणकांच्या तक्त्या वेगवेगळ्या आहेत. एका आवृत्तीसाठी लिहिलेला आवाज दुसरीवर वाजवला की शब्द कळले तरी गळा बदलतो. इम्युलेटर लिहिणाऱ्यांनी पेटंटातले आकडे घेतले, आणि कवच उतरवलेल्या चिपांवरून ते पडताळून पाहिले. पेटंट ही साक्ष आहे आणि चिप हा मुद्देमाल.

निर्मात्यांच्या आठवणींना कमी लेखण्याचे कारण नाही. पण यश मिळाल्यावर माणूस सांगतो तेव्हा अडचणी धाडसाच्या होतात, तडजोडी दूरदृष्टीच्या. यात खोटेपणा असतोच असे नाही. आठवण तशीच चालते.

७. आक्षेप: ही चोरी आहे

कायद्याने या आक्षेपाचा विचार कधीच केला आहे. चिपांच्या रचनेला संरक्षण देणारा अमेरिकी कायदा १९८४ चा, आणि त्याच कायद्याने अभ्यासासाठी चिप उलगडण्याची मुभा दिली. संरक्षण दहा वर्षांचे. आपल्याकडचा २००० चा सेमीकंडक्टर रचनेविषयीचा कायदाही विश्लेषण, संशोधन आणि अध्यापन यांना वाट ठेवतो. आपल्या स्वामित्वहक्क कायद्याचे कलम ५२ संगणक प्रोग्राम कसा चालतो याचे निरीक्षण व अभ्यास करण्याला उल्लंघन मानत नाही. कायदे करणाऱ्यांना एक गोष्ट कळली होती: कल्पना आणि तिची अभिव्यक्ती यांत फरक आहे, आणि कल्पना समजून घेण्याला बंदी घातली तर उद्योगच आंधळा होतो.

आक्षेपात तथ्य आहे ते निराळ्या जागी. रॉममधला आवाज कुणाचा तरी आहे, शब्दांची मांडणी कुणाची तरी आहे. डंप काढून जगभर वाटणे हे अभ्यासाच्या नावाखाली खपवता येत नाही, आणि या क्षेत्रातले बरेच लोक ते सर्रास करतात. जतनाचा हेतू चांगला असला म्हणून हक्क आपोआप मिळत नाही. पण ही वाटपाची चूक झाली. वाचणे त्यामुळे गैर ठरत नाही.

अॅसिडात चिप नष्ट होते, ही तक्रार मला फारशी गंभीर वाटत नाही. लाखांनी बनलेल्या वस्तूचा एक मेलेला नग देऊन बाकी सगळ्यांबद्दल कळत असेल तर व्यवहार वाईट नाही. फक्त शेवटचा उरलेला नग घेऊन असे करू नये.

८. जड आक्षेप: हेतू कुठून कळला?

सर्वांत वजनदार आक्षेप निराळाच आहे. तुम्ही म्हणता निर्णय वाचतो. सिलिकॉनवर तर फक्त परिणाम असतो. ‘पिना वाचवायच्या होत्या’ हे तुम्ही मागाहून चिकटवलेले स्पष्टीकरण कशावरून नाही?

हा धोका खरा आहे आणि या क्षेत्रात तो पदोपदी दिसतो. प्रत्येक चमत्कारिक बिटाला ‘केवढी हुशारी!’ म्हणणारे लोक आहेत. काही बिट निव्वळ उरलेसुरले असतात, काही जोडण्या घाईत झालेल्या असतात, काही चुका कुणाच्या लक्षातच आलेल्या नसतात. म्हणून हेतूचा तर्क करायला मी तीन अटी लावतो. एक, तोच हेतू त्याच यंत्रात इतर ठिकाणीही काम करताना दिसला पाहिजे. दोन, त्या काळच्या किमतींत आणि मर्यादांत तो बसला पाहिजे. तीन, दुसरे स्पष्टीकरण त्याच पुराव्यावर तपासून बाजूला करता आले पाहिजे. उड्या मारणाऱ्या पत्त्यांवर हे लावून पाहा. लपवाछपवीचा तर्क तिसऱ्या अटीवर पडतो: उड्यांचा क्रम ठरावीक आहे आणि त्या प्रकारच्या सगळ्या चिपांत तोच आहे. असले कुलूप कोण लावेल, ज्याची किल्ली प्रत्येक गिऱ्हाइकाला ठाऊक आहे? बचतीचा तर्क तिन्ही अटींवर टिकतो, कारण बिट सरकवून काम भागवण्याची तीच खोड बोलणाऱ्या चिपच्या आठ पावलांत दिसते. एवढे जुळल्यावरही ही खात्री गणिताची नसते. इतिहासकाराला मिळते तेवढी असते. तेवढ्यावर आपण शिलालेखांचे अर्थ लावतोच.

९. भीती खरी की खोटी, हे कोण ठरवणार

हे सगळे सुमारे पन्नास वर्षांपूर्वीच्या पेटीपुरते असते तर इतका लांब लेख लिहायचे कारण नव्हते. १९९८ च्या ख्रिसमसला अमेरिकेत ‘फर्बी’ नावाचे घुबडासारखे केसाळ खेळणे तडाख्याने खपले. ते आधी स्वतःच्या बोबड्या भाषेत बोलायचे आणि हळूहळू इंग्रजी ‘शिकायचे’. १९९९ च्या जानेवारीत बातमी आली की अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने, एनएसएने, आपल्या आवारात फर्बी आणायला मनाई केली आहे. ते ऐकलेले बोलून दाखवील ही भीती. निम्मे जग घाबरले, निम्मे हसले. दोघांनाही माहीत काही नव्हते.

फर्बी उघडल्यावर काय निघते? काळ्या इपॉक्सीच्या थेंबाखाली गाडलेल्या चिपा. डोळे, कान, चोच सगळे हलवणारी एकच मोटर, तिच्या दांड्यावर वेगवेगळ्या कॅमा. मायक्रोफोन आहे, पण त्याचे काम मोठा आवाज झाला की नाही एवढे सांगणे. लिहिता येईल अशी मेमरी बाइटांत मोजावी इतकी. साध्या रीतीने बोलण्याचा एक सेकंद साठवायला ८,००० बाइट लागतात. शिकणे म्हणजे वयाच्या ठरलेल्या पायऱ्या: खेळ होत गेला की बोबडे शब्द मागे पडतात आणि आधीपासून रॉममध्ये असलेले इंग्रजी शब्द पुढे येतात. मुलाने काय शिकवले याच्याशी त्याचा संबंध नाही. एनएसएची भीती निराधार होती, आणि ‘माझ्या फर्बीला मी इंग्रजी शिकवले’ म्हणणाऱ्या आईबापांचा आनंदही. दोन्हींचा निकाल एकाच बोर्डवर लागतो.

फेब्रुवारी २०१७ मध्ये जर्मनीच्या दूरसंचार नियामकाने ‘माय फ्रेंड कायला’ या बोलक्या बाहुलीवर बंदी घातली, छुपे हेरयंत्र म्हणून. पालकांना बाहुली निकामी करायला सांगितले गेले. वरवर पाहता ही फर्बीचीच पुनरावृत्ती: पुन्हा एक खेळणे, पुन्हा एक घाबरलेली सरकारी संस्था. पण या खेपेला भीती साधार होती. बाहुलीतला ब्लूटूथ कोणताही परवलीचा शब्द न विचारता जवळच्या परक्या फोनशी जोडला जात असे, आणि मुलाचे बोलणे फोनवाटे दूरच्या सर्व्हरवर जात असे. दोन्ही बातम्या नुसत्या वाचणाऱ्याला त्या सारख्याच वाटतात. फरक कळतो तो आतल्या रचनेवरून.

इथे माझ्याच प्रतिपादनाला एक मर्यादा पडते, आणि ती मान्य करणे भाग आहे. फर्बी उघडला की फर्बी पूर्ण कळतो. कायला उघडली की मिळते एक ब्लूटूथ चिप, एक मायक्रोफोन, एक स्पीकर. ऐकलेल्या वाक्याचे पुढे काय होई, उत्तर कसे ठरे, काय साठवले जाई, हे बाहुलीत लिहिलेलेच नाही. डिसेंबर २०२४ मध्ये एम्बॉडीड या अमेरिकी कंपनीने गाशा गुंडाळल्याचे जाहीर केले, आणि त्याबरोबर तिच्या ‘मॉक्सी’ या मुलांच्या ७९९ डॉलरच्या यंत्रमानवाचे बोलणेही बंद होणार असल्याचे सांगितले, कारण त्याची अक्कल भाड्याच्या सर्व्हरवर होती. अशा खेळण्याबद्दल पुढे कोणी विचारले की ते मुलांना काय उत्तरे देत असे आणि तीच का, तर सूक्ष्मदर्शक, अॅसिड आणि लॉजिक अॅनालायझर यांपैकी कशाचाच उपयोग होणार नाही. त्या वेळी कंपनीच्या जाहिराती, पालकांच्या आठवणी आणि निर्मात्यांच्या मुलाखती एवढेच हाताशी असेल, म्हणजे नेमके ते साहित्य, ज्यावर खेळणे उघडल्यावाचून विसंबता येत नाही.